पाच मिनिटं गप्प बसवणारी बाई

आमच्या भागातल्या दवाखान्यातल्या सिस्टरना सगळे ‘पाचमिनिटवाल्या बाई’ म्हणतात. हे नाव कौतुकाने नव्हे, वैतागून पडलेलं आहे. वैतागणाऱ्यांत मीही होते.

रक्तदाब मोजायचा तर बाई आधी खुर्चीत टेकून बसवतात. पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं तोंड बंद. बुटक्या माणसांचे पाय लोंबकळतात म्हणून एका खुर्चीचे पाय त्यांनी पदरमोड करून सुताराकडून कापून घेतले. दंडाला गुंडाळायचे पट्टे तीन मापांचे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच चढतो, हे त्या डॉक्टरांनाही सुनावतात.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण घरात दोनदा पडली. ताई ऐंशीची, एकटी राहते. तिला स्वतःकडे न्यायच्या हट्टाने तिच्या मुलाने सामान भरायला रिकामी खोकीसुद्धा आणून टाकली. घर सोडणार नाही, एवढंच ताईचं म्हणणं. पण सारखी पडणाऱ्या बाईचं ऐकतं कोण?

तिच्या डॉक्टरांच्या मते दाब वाढत होता. सहा महिन्यांत एका गोळीच्या तीन झाल्या. तिथे दंडाला पट्टा बांधलेला असतानाही ताईचं सुनेविषयी बोलणं चालूच असे. मी शेजारीच बसलेली. एवढी शिकलेली मी, पण बोलण्याने आकडा चढतो हे काही डोक्यात आलं नाही.

शेवटी तिला मी आमच्या दवाखान्यात नेलं. ताईने सुरुवात केलीच.

“आजी, सूनबाई कुठे पळून जात नाहीत,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटांनी सांगा. मीही ऐकते, मलाही सून आहे.”

ताई चक्क गप्प बसली. वरचा आकडा एकशे तीस. मग ती दोनदा पडल्याचं ऐकून बाईंनी तिला खाटेवर निजवून मोजला, जवळपास तेवढाच. लगेच उभं करून मोजला तर एकशे दोन! ताईचा चेहरा पांढराफटक. बाईंचा दुसरा हात आधीच तिच्या पाठीशी होता.

आपण उठलो की रक्त पायांकडे उतरतं, त्यांनी मला समजावलं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना ते कळतं, त्या मेंदूला कळवतात, मग हृदय जोरात चालतं, नसा आवळतात आणि दाब सावरतो. हे सगळं काही क्षणांत. वयाने ही धावपळ मंदावते. वर गोळ्या जास्त झाल्या की माणूस कोसळतो.

नोकरीत नव्या असताना बाईंनी एका म्हाताऱ्याला बसवून मोजलं आणि ठीक आहे म्हणून घरी सोडलं. तो जिन्यात पडला, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर एकतीस वर्षं, चक्कर येते, तोल जातो म्हणणाऱ्याला उभं करून मोजल्याशिवाय त्यांनी सोडलेलं नाही. बाहेरची रांग बोंबलते, बोंबलू दे.

“मग गोळ्या बंद करू?” ताईने विचारलं.

“ते माझं काम नाही. आकडे खरे लिहून देणं माझं.”

चिठ्ठी पाहून ताईचे डॉक्टर आधी फणकारले, मग त्यांनी स्वतः तसंच मोजून पाहिलं आणि दोन गोळ्या काढल्या.

महिन्याने आम्ही परत गेलो; तोवर ताई एकदाही पडली नव्हती. निजून एकशे छत्तीस, उभी राहून एकशे अठ्ठावीस. ताई काही विचारणार, तेवढ्यात बाईंनी गप्प बसायची खूण म्हणून पाची बोटं वर केली, कारण उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं राहिलं होतं. तेही एकशे तीस निघालं.

संध्याकाळी भाच्याने खोकी परत नेली. एक ताईने ठेवून घेतलं, जुन्या चपलांना.