दानिएलचा ‘होय’

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी परातीत तशीच पडली होती, आणि राहेल कॉम्प्युटरसमोर तोंडावर हात ठेवून बसली होती. स्पीकरमधून तिचाच आवाज येत होता.

“अंजना, नवरदेवाचं तोंड बघ गं. दाढ काढायला आणल्यावानी उभा हाय. आन् सखूबाईंचा शालू? नवरी कोण हाय तेच कळंना!”

राहेलचा नवरा एबनेझर दौंड-वरवंडकडच्या लग्नांचं शूटिंग करायचा, आणि आणलेल्या कॅसेटी जोडून त्यांचा सिनेमा करायचं काम राहेलचं. तीन कॅमेऱ्यांच्या तीन पट्ट्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाखाली एक लावायच्या, चर्चच्या घंटेचा पहिला ठोका तिन्हींत एका रेषेत आणायचा, आणि मग कधी या पट्टीतला चेहरा, कधी त्या पट्टीतला हात, असं उचलत जायचं. तिला हे भाजी निवडण्याइतकंच सोपं वाटायचं. चांगलं ठेवायचं, किडकं टाकायचं.

दानिएलच्या लग्नात मात्र किडकं पान ती स्वतःच निघाली.

एक कॅमेरा एबनेझरच्या हातात होता. ऐन शपथेच्या वेळी त्याची कॅसेट संपली. दुसरा त्याच्या हाताखालच्या बन्सीकडे. चित्र झकास, पण माइकची वायर निसटलेली, आवाजाच्या नावानं शून्य. तिसरा स्टँडवर, आणि त्याला कुणी धक्का देऊ नये म्हणून शेजारी राहेल उभी, सोबतीला नणंद अंजना. दोघींनी अख्खी उपासना बोलण्यात काढली. पाळकसाहेबांनी विचारलं, “हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस काय?” दानिएल ‘होय’ म्हणाला, आणि राहेलनं नेमका त्याच ‘होय’वर सखूबाईंचा शालू पांघरला.

सखूबाई म्हणजे दानिएलची आई आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा. गेल्याच बुधवारी राहेलनं त्यांच्यासमोर जिभेला लगाम घालण्याविषयी प्रार्थना केली होती, आणि सखूबाईंनी मोठ्यानं आमेन म्हटलं होतं. आता हा आवाज त्यांच्या कानावर गेला, तर मंडळात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. आणि सिनेमा तर त्याच संध्याकाळी वरवंडला, त्यांच्याच घरात, पाहुण्यांसमोर लागायचा होता.

तिनं आवाज पार खाली ओढला. शालू गेला, पण त्याच्याबरोबर ‘होय’ही गेला. दानिएल नुसते ओठ हलवून लग्न करून मोकळा.

“गाणं टाक की वरनं,” एबनेझर चहा पीत दारातून म्हणाला.

“सखूबाई काय म्हणल्यात, इसरलात व्हय? काय बी कापा, पण लेकाचा ‘होय’ ऐकू आलाच पायजे.”

“मग त्या वक्ताला गप राहायचं होतंस.”

“आन् तुम्ही कॅसेट आदीच बदलायची होती.”

एबनेझरनं कपात तोंड घातलं.

राहेलनं देवाचं नाव घेतलं आणि ती बाकीच्या कॅसेटी धुंडाळायला लागली. माणूस दिवसभरात एकदा तरी ‘होय’ म्हणतोच. पण दानिएल पडला नुसती मान हलवणारा. फोटो काढायचा? मान. पाणी आणू? मान. शेवटी पंगतीत पाळकसाहेब स्वतः ताट घेऊन वाढायला आले. “दानिएल, अजून एक जिलेबी?”

“होय!”

आणि काय तो ‘होय’! खणखणीत, कुठं अडखळणं नाही, कुठं लाजणं नाही.

राहेलनं तेवढाच तुकडा उचलला, शपथेच्या चित्राखाली आणून ठेवला, आणि ओठांशी जुळेपर्यंत केसभर मागं-पुढं सरकवला. चपखल बसला. मग मात्र तिचं मन कचरलं. देवासमोरची शपथ, आणि तिच्यात जिलेबी? पण देवानं खरा ‘होय’ चर्चमध्येच ऐकला होता, शालूसकट. त्याला डीव्हीडी बघायची गरज नव्हती. गरज सखूबाईंना होती.

संध्याकाळी वरवंडला खोली माणसांनी भरली. शपथ आली. “होय!” सखूबाईंनी डोळ्याला पदर लावला. “माझं लेकरू! कसं पोटातनं म्हणालं बघा.”

“अगदी पोटातनं, मावशी,” राहेल म्हणाली.

दानिएल कान खाजवत होता. “मी एवढ्या जोरात म्हणालो व्हतो?”

“मग! आमी काय बहिऱ्या हाव?” सखूबाईंनी त्याला गप्प केलं.

कोपऱ्यात बसलेली नवी नवरी स्वीटी तोंडावर पदर दाबून गदागदा हलत होती. सगळ्यांना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. थोड्या वेळानं कप उचलायच्या निमित्तानं ती राहेलला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“वैनी, पंगतीत मी ह्यांच्या शेजारीच बसले व्हते.”

राहेलनं हातातल्या बश्या खाली ठेवल्या. “कुणाला सांगू नगंस, बाई माझी.”

“न्हाई सांगत. पण मला खरा ‘होय’ पायजे. माझ्यापुरता.”

“त्यात लई गोंगाट हाय गं.”

“कसला?”

राहेलनं बाहेरच्या खोलीकडं पाहिलं. सखूबाई तोच तुकडा परत लावायला सांगत होत्या. “तुझ्या सासूच्या शालूचा,” ती हळूच म्हणाली.

स्वीटीचे डोळे चमकले. “मग तर पायजेच! उद्याच द्या.”

दुसऱ्या दिवशी भाकरी थापून होताच राहेल दौंड स्टेशनजवळच्या दुकानात एक कोरी डीव्हीडी आणायला निघाली.