फाटकाजवळची रातराणी

टॅक्सी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फाटकाशी हॉर्नवर हॉर्न देत होती आणि मी मातीत हात घालून रातराणीचं रोप लावत होते. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, मी जर्मनीला निघाले होते, आई एकटी राहणार होती. संध्याकाळी दरवळ सुटला की तिला तेवढीच सोबत, असं माझ्या डोक्यात होतं. आई म्हणाली, "नको लावू गं. त्या वासाला साप येतात." मी तिला वेड्यात काढलं. क्रांती चौक येईपर्यंत नखांतली माती कोरत बसले, रडू येऊ नये म्हणून.

रोपाचं झुडूप झालं. मी इकडे व्हिसाच्या रांगा आणि कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचा ते शिकत होते. तिकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तरी आई भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालायची.

मागच्या पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला तिचा व्हिडिओ कॉल आला. इथे भर दुपार, मी ऑफिसच्या किचनमध्ये कॉफी घेत होते. "बघ, लई फुललीय," म्हणत तिने फोन थेट फांद्यांत नेला. हिरवट-पांढरे घोस दिसले. मग घोसांखाली काहीतरी सरकलं.

फोन पडला. स्क्रीनवर आभाळ आणि एक फांदी. आईची एकच किंकाळी, पुढे आवाज नाही. मग भिंतीपलीकडून शेजारच्या रेहाना खाला ओरडल्या, "भाभी, हिलो नक्को! मैं आतूं!" फाटक वाजलं, काठी आपटली आणि सगळं शांत झालं. मी "आई! आई!" करत होते, भोवतीचे लोक बघत राहिले होते. फोन करायचा कुणाला? इथल्या अग्निशमन दलाचा नंबर मला पाठ होता. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या खालांचा माझ्याकडे नव्हता. जन्मभर त्यांच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला, पण नंबर कशाला घेणार? हाक मारली की त्या येत होत्या.

शेवटी आईचा घामाघूम चेहरा दिसला. "धामण होती. गेली मोकळ्या प्लॉटात."

"आत्ताच्या आत्ता तोडून टाक ते झाड!"

"दिवेलागणीला झाडाला हात लावत नाय," ती म्हणाली. "सकाळी बघू."

सकाळी तिने खालचा पाचोळा काढला, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, भिंतीवर दिवा लावून घेतला. झाड ठेवलं. खाला आता रोज संध्याकाळी खुर्ची आणि टॉर्च घेऊन येतात. "तुझ्या झाडानं साप आणला अन् सापानं रेहानाला आणलं," आई मला चिडवते. मी हसते, पण तिचा फोन जरा हलला तरी अजून "आई!" म्हणून ओरडते.

माझ्यासारखे जे दूर गेलेत, त्यांना एकच विचारते: तुमच्याकडे शेजारच्यांचा नंबर आहे का? मी साप निघाला त्याच दिवशी, आईच्या फोनवरूनच, खालांकडून घेतला. नाव टाकायच्या जागी बोट थोडं थांबलं. मग मी लिहिलं, 'घर'.