आमचं घर सोडून मोजलेलं पाणी

त्या वर्षांत मी विद्यापीठात पल्सारवर पीएचडी करत होते आणि आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो मी जोडला आणि शेजारच्या घराची वाट लावली.

पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकारानं एखाद्या शहराएवढाच, पण स्वतःभोवती असा गरगरतो की सेकंदाला कित्येक वेळा त्याचा रेडिओ स्पंद आपल्यापर्यंत पोचतो. माझ्या पल्सारला एक जोडीदार होता आणि तो कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नव्हता. पल्सार कक्षेत आपल्यापासून लांब गेला की स्पंद उशिरा येत, जवळ आला की लवकर. एवढ्यावरून फेरी किती दिवसांची, कक्षा केवढी, जोडीदार निदान किती वजनाचा, हे सगळं काढता येतं. न दिसणाऱ्याला नुसत्या वेळेवरून पकडायचं, याची मला नशा चढली होती. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी आपली पृथ्वी वजा कर. आपणही फिरतोय. ते विसरलीस तर स्वतःची चाल ताऱ्याच्या नावावर लावशील." प्रबंधात मी ते एकदाही विसरले नाही.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. धरण तळाला गेलं म्हणून रोज कोणी ना कोणी सांगायचं आणि शहर मात्र चितेगावच्या रस्त्यानं पसरतच होतं. नव्या इमारतींच्या पायाशी बोअरच्या गाड्या दिवसभर घरघरत आणि नुसता फुफाटा वर काढत. आमची गल्ली त्याच बाजूला. नऊ घरं, एकच पाइप. शेवटच्या घरांना धार करंगळीएवढी. कोणीतरी लाइनला मोटर लावून पाणी ओढतंय, अशी कुजबुज सुरू झाली. माणसं दारात उभं राहून बोलताना आत डोकावायला लागली. मला त्या डोकावण्याची भीती वाटायची.

शेवटच्या घरातल्या मावशींनीच माझं नाव काढलं. हिला ताऱ्यांच्या वेळा मोजता येतात, मग नळाच्या का नाही, असं त्यांचं म्हणणं. मी फुशारले. वही घेतली, मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेतलं आणि पाणी आलं की दारोदार फिरू लागले. वीस लिटरचा कॅन भरायला कुठं किती वेळ लागतो, एवढंच लिहायचं. आमचं घर चौथं. तिथं मोजायचं काय, बाबा होतेच घरी. तहसीलमधून निवृत्त झालेले बाबा, नोकरीत कोणाचा फुकटचा चहाही न प्यालेले. आपलं नेहमीसारखंच आहे, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते लिहून टाकलं.

पाण्याच्या पाच-सहा पाळ्यांत आकडे बोलू लागले. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी धार अचानक बसायची. पहिल्या तीन घरांत फरक नाही, पाचव्यापासून पुढं सगळीकडं. फक्त एका पाळीला धार शेवटपर्यंत नीट चालली. त्या दिवशी बाबा फर्दापूरला लग्नाला गेले होते. न जुळणारा आकडा म्हणून तो मी वगळला.

पाचवं घर काकूंचं. दौलताबादकडची शेती दिरांवर सोपवून हे कुटुंब शहरात आलं होतं, नवरा मालवाहू रिक्षा चालवायचा. आमची त्यांची भिंत एकच. गल्लीच्या बैठकीत मी वही उघडून शांतपणे सांगितलं की ओढ पाचव्या घरातच आहे. काकूंनी उठून स्वतःच घराचं दार उघडून दिलं. माणसं त्यांच्या घरात शिरली, मोरी उचकटली, माळा पाहिला. काहीच सापडलं नाही. तरी माझ्या वहीवर सगळ्यांचा विश्वास. त्यांच्या नळाला बूच मारायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी मारलंही.

पुढच्या पाळीला मी शेवटच्या घरासमोर उभी होते. पाचवा नळ बंद, म्हणजे आज धार टिकायला हवी. दहा मिनिटं झाली आणि माझ्यासमोर ती बसली. वही तिथंच कट्ट्यावर ठेवून मी घरी गेले.

मोरीचं दार लोटलेलं होतं. आत बारीक घूं घूं चालली होती. बाबा पाटावर बसले होते, समोर पोत्यानं झाकलेली मोटर, आणि थरथर ऐकू जाऊ नये म्हणून तिच्यावर त्यांचा हात. मी दिसल्यावर ते दचकलेही नाहीत.

"तुझ्या आईला आता हंडे उचलवत नाहीत," ते म्हणाले. मोटरवरचं पोतं सारखं करत पुढं म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत आहे. तू आपलं घर मोजलंच नाहीस ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी आकडेमोड करून दिली होती. त्या दिवशी मी बाबांवर खूप चिडले, पण दार लावून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं. त्यांनी मोटर काढून टाकली. शेवटच्या घरांची धार सुधारली आणि गल्ली म्हणाली, बघा, बूच मारल्याबरोबर कसं सरळ झालं. माझं गणित सगळ्यांच्या लेखी खरं ठरलं.

महिन्याभरानं बूच निघालं, पण त्या घराशी कोणी बोलेना. उन्हाळा संपायच्या आत काकू गावी परत जायला निघाल्या. जायच्या दिवशी आईला भेटायला आल्या आणि उंबऱ्याजवळच बसल्या. बाबा आतल्या खोलीत होते. काकू मला म्हणाल्या,

"पोरी, तुझ्यावर राग नाय. तू लई शिकलेली, तुझं गणित कसं चुकंल? म्या मालकावरच संशय घेतला. त्ये रिक्षा घेऊन गेले की समदं घर हुडकायची, मोटर कुठं दडवली म्हणून. एकदा तोंडावर इचारलं बी. तवापासून त्ये माझ्याशी बोलत नायत."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी ते पिऊन तांब्या माझ्या हातात परत दिला, आणि सांगायचं ते मी सांगितलं नाही.