मेंढरांच्या डॉक्टरचा दाखला

आमच्या घरात एक साधा नियम होता. शाळेची घंटा झाली तर काठी आबांच्या हातात, नाही झाली तर माझ्या. आबा म्हणजे माझे वडील आणि काठी म्हणजे मेंढरं वळायची काठी. लोणीच्या बाजूला माळावर आमची वस्ती, हायस्कूल तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. वारा बरा असला तर घंटा वस्तीपर्यंत ऐकू यायची. रविवारी आणि सणावाराला ती वाजायची नाही, मग मी तोंड वाकडं करून दारामागची काठी उचलायची. घंटेवर माझा जेवढा जीव होता तेवढा शाळेतल्या एकाही विषयावर नव्हता.

मी दहावीत गेले त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली आणि त्याच वर्षी चुलत्यानं मेंढरं सोडून नारायणगावला वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या, जीपवर ड्रायव्हरकी धरली. दोन्ही एकत्र सांगायचं कारण असं, की दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि सगळं बिऱ्हाड, घाट उतरून कोकणात जायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्याला तीन माणसं लागायची: आबा, आई आणि चुलता. मी शाळेसाठी मागं आत्यापाशी राहायची. आता चुलता गेला. तिसरं माणूस कोण, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण भाकरी थापता थापता आईची नजर माझ्यावर येऊन थांबायची. एकदा वाड्याबरोबर गेले की शाळा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वस्तीवरून तशी गेलेली एकही मुलगी पुन्हा बाकावर बसलेली मी पाहिली नव्हती.

साथ आधी टीव्हीवर आली. हिंदी बातम्यांतली माणसं इतकी ओरडायची की आवाज बंद केला तरी ओरडल्यासारखी दिसायची. पुण्यात माणसं दगावली होती, भीती खोटी नव्हती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. घरोघरी रुमालात कापूर आणि वेलची बांधून ती हुंगत बसायची टूम निघाली. आत्यानं सगळ्यांना पुड्या बांधल्या आणि एक उरली ती एडक्याच्या गळ्यात अडकवली. एडक्यानं ती खाऊन टाकली आणि त्याला काही झालं नाही, त्यामुळं औषधावरचा तिचा विश्वास आणखी वाढला.

मग शाळा बंद करायचा हुकूम आला. आधी आठवडाभर म्हणाले. पोरांनी दप्तरं हवेत उडवली. मी एकटीच आपली शिपाईमामांनी टोलावर अडकवून ठेवलेल्या हातोडीकडं बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी काठी माझ्या हातात आली. आठवडा संपत आला तेव्हा मुक्काम आणखी वाढला, म्हणजे शाळेच्या कुलपाचा. मग पुन्हा थोडा वाढला. दर वेळी हेडसरांना वरून फोन यायचा, कागद मागून यायचा आणि कागदात फोनपेक्षा वेगळंच काहीतरी असायचं.

तेवढ्या दिवसांत बाकी काय बंद होतं म्हणाल, तर काही नाही. नारायणगावला टोमॅटोचा बाजार रोज खचाखच भरायचा. चुलता जीपमध्ये माणसं कोंबून कोंबून भरायचा. दोघं मागं लटकलेले, एक त्याच्याच सीटवर अर्धा, आणि सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. तो म्हणायचा, रुमाल लावला की वीस माणसं चालतात, न लावता पंधरा. शाळेला टाळं होतं, पण शाळेच्या मैदानावर गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझमाची तालीम रोज सुरू होती, आणि तालमीला आमच्याच वर्गातली पोरं घाम गाळत होती. भिंतीच्या आत शिरलं की रोग होतो आणि भिंतीबाहेर घोळक्यानं नाचलं की होत नाही, असा काहीतरी शोध सरकारला लागलेला असावा. मला मात्र भयंकर राग यायचा. मेंढरं मैदानाशेजारून हाकताना मी मुद्दाम तालमीच्या मधून नेली होती एकदा.

खरी भीती वेगळीच होती. मी मेंढरं चांगली वळायला लागले होते. पहिल्या दिवशी दोन कोकरं चुकवून आले होते, आठवड्यानंतर लांबून नुसत्या शिट्टीवर कळप वळवायला लागले. एक मेंढी लंगडत होती, तिच्या खुरात अडकलेला काटा मीच काढला. आबा त्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, "ह्या पोरीला मेंढरं लई कळत्यात." बाप आपलं कौतुक करतो तेव्हा कुणाही पोरीनं सुखावून जावं. मी मात्र ताट सारून उठले. शाळा आणखी एक दिवस बंद, म्हणजे मी आणखी एक दिवस कामाची. माझ्याशिवाय घर चालत होतं ते आता माझ्यावर चालायची सवय लावून घेत होतं.

अखेर शाळा उघडायचं ठरलं, तर त्यातही मेख निघाली. जुन्नरच्या मामाचा फोन आला की त्यांच्या पोरी सोमवारपासून शाळेत जातायत. आम्ही पडलो आंबेगाव तालुक्यात. आमच्याकडचा कागद म्हणे अजून वाटेत होता. रोगाला तालुक्याची हद्द कळते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी मंगळवारी दप्तर घेऊन अर्धा तास चालत गेले आणि कुलूप बघून परत आले. बुधवारीही गेले. गुरुवारी आबा म्हणाले, रोज उठून कुलूप बघायला जाण्यापेक्षा मेंढरं तरी चारून आण. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मी घोंगडी न घेताच गेले आणि भिजून आले.

शनिवारी घंटा झाली. मी वाट न धरता शेतातून आडवी पळत सुटले. फाटकाशी आमच्या वर्गाच्या बाई तोंडाला फडकं बांधून उभ्या होत्या, हातात सूचनांचा कागद. मी त्यांना नमस्कार केला आणि शिंकले.

बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी कागद दाखवला. ज्याला सर्दी, त्यानं घरी जायचं आणि डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय परत यायचं नाही. आता भर पावसाळ्यात माळावरच्या पोरांची नाकं वाहणार नाहीत तर काय होणार? पहिल्या तासाला निम्मा वर्ग घरी गेला, दुपारपर्यंत शाळेत मास्तर जास्त आणि पोरं कमी अशी गत झाली. ज्या पावसात शाळा बंद म्हणून मी भिजले, त्याच पावसाच्या सर्दीपायी आता शाळा मला आत घेत नव्हती. आज मी स्वतः जुन्नरला एका कचेरीत बसते आणि असली परिपत्रकं टाइप करते. विषय, संदर्भ, खाली सही, त्याखाली कुणाकुणाला प्रत. मुलगी कागद आणणार कुठून, हा प्रश्न त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे आता मला चांगलं समजतं. तेव्हा समजत नव्हतं, तेव्हा मी नुसती रडत घरी आले.

दाखला मिळवायला आई मला दोनदा सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. पहिल्यांदा डॉक्टर साथीच्या मीटिंगला गेले होते. दुसऱ्यांदा होते, पण दाखला इथं मिळत नाही, तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. तिथं म्हणे खोकणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत. धडधाकट पोरीला त्या रांगेत उभं करायला आई तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. तोवर माझी सर्दीही गेली होती. मी पुन्हा काठी घेतली. आता कुणी मला ती घे म्हणालंसुद्धा नाही, मी आपसूकच घेतली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दोन दिवसांनी दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली होती. मी ओल्या मातीत काठीनं भूमितीची आकृती काढत होते. आबा कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रमेय. ते वाकून त्यातल्या वर्तुळाकडं बघू लागले. मग मी एकदम बोलून गेले, "आबा, मला शाळंत जायचंय."

"शाळंनंच हाकलून दिली न्हवं तुला?" आबा म्हणाले.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस आबांची समजूत अशी, की मी काहीतरी आगळीक केली आणि शाळेनं मला काढून टाकलं. लाजेपायी त्यांनी मला विचारलं नव्हतं, मी रडते म्हणून आईनंही त्यांच्यापाशी विषय काढला नव्हता, आणि दवाखान्याच्या खेपा त्यांना सर्दीच्या औषधासाठी वाटल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सर्दी होती म्हणून वेगळं काढलं, बरी झाल्याचा दाखला दिला की परत घेणार.

आबांचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांना आमच्या बाईंपेक्षा चांगली समजत होती. आजारी मेंढरू वेगळं बांधायचं, बरं झालं की डॉक्टरनं बघायचं आणि कळपात सोडायचं. आयुष्यभर ते हेच करत आले होते. "मंग एवढंच की," ते म्हणाले, "चल." कळप आईच्या हवाली करून आम्ही निघालो आणि आबा मला सरळ घेऊन गेले ते जनावरांच्या दवाखान्यात.

तिथले डॉक्टर आबांच्या रोजच्या ओळखीचे. सगळ्या कळपाचा जीव त्यांच्या हाती. आबांच्या दृष्टीनं पंचक्रोशीत त्यांच्याएवढा शहाणा डॉक्टर नव्हता, माणसांचा धरून. डॉक्टरांनी आधी हसून टाळलं, मग समजावून सांगितलं, मग हात जोडले. आबा बाकड्यावरून हलेनात. ताप तो ताप, मेंढराचा काय आन् माणसाचा काय, एवढं एकच त्यांचं म्हणणं. शेवटी डॉक्टरांनी थर्मामीटरकडं हात नेला आणि मी ताडकन उठून दाराशी गेले. मेंढराला थर्मामीटर कुठं लावतात हे धनगराच्या पोरीला सांगावं लागत नाही. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी कपाळाला हात लावला, नाडी बघितली, घसा बघितला आणि समोर होता तोच छापील कागद ओढला.

त्यावर मालकाचं नाव म्हणून आबांचं नाव आलं. जनावराचा प्रकार या रकान्यात काट मारून 'मुलगी' लिहिलं. रंग सोडून दिला. शिंगांपुढं 'नाहीत' असं त्यांनी गंभीरपणे लिहिलं. खाली, ताप नाही, नाक कोरडे, इतरांत मिसळण्यास हरकत नाही, आणि सही-शिक्का.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्याबरोबर शाळेत आले. त्याआधी ते कधी त्या फाटकाच्या आत गेले नव्हते, त्या दिवशीही गेले नाहीत, पालकांना मनाई होती. हेडसर बाहेर आले. त्यांनी कागद वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला. शिंगांच्या रकान्याशी त्यांची मिशी हलल्यासारखी वाटली.

"दाखला पाहिजे असं लिहिलंय," ते बाईंना म्हणाले. "कुठल्या डॉक्टरचा, ते वरच्यांनी लिहिलेलं नाही." आणि त्यांनी तो फाइलला लावला.

त्या फाइलची पुढं कुणी तपासणी केली असेल तर त्या साहेबांचा चेहरा बघायला मला फार आवडलं असतं. आठवडाभरानं दाखल्याची अटच निघून गेली. तसा फोन आला, कागद अर्थातच नंतर आला.

मी वर्गात बसले खरी, पण दिवाळी जवळ येत होती आणि तिसऱ्या माणसाचा प्रश्न जागच्या जागी होता. सरकार शाळा उघडू शकतं, वाडा हाकू शकत नाही. मी घरात कुणाच्या डोळ्यांत बघायचंच सोडून दिलं. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी आबा कळप घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेले. परत आले तेव्हा मागून येणारी घुंगरं मला ओट्यावरून ऐकू आली आणि ती कमी वाटली. बघितलं तर कळप निम्मा. खुरात काटा गेलेली ती लंगडी मेंढीही त्यात नव्हती.

आबा चूळ भरून खाली बसले. मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "दोन मानसांना वळत्यात तेवडी ठेवली. तू परीक्षा दे."

वाडा निघाला त्या दिवशी घंटा झाली आणि मी शाळेत गेले. एरवी ते कोकणात गेले की आत्याच्या चार शेळ्या रविवारी माझ्याकडं असायच्या. त्या वर्षी आबांनी शेळ्यासुद्धा बरोबर नेल्या. पुढच्या रविवारी सकाळी मी सवयीनं दारामागं हात घातला, तर तिथं नुसती भिंत होती. काठीही ते घोडीवर बांधून घेऊन गेले होते. मी हात मागं घेतला आणि भूमितीचं पुस्तक काढलं.