बांधावरचा औदुंबर

१९९२ च्या दत्तजयंतीला हरियाणातल्या सोहन्याजवळच्या आमच्या मातीच्या बांधावर मी औदुंबराचे रोप लावले. रोपाचे बारा रुपये. हजर होतो मी, पत्नी आणि आमचे शेत बघणारी रामकली. ती तीन मुलांसह बांधाखालीच राहते. पत्नी मोठ्या आजारातून उठली तर औदुंबर लावीन, असे मी महाराजांना बोललो होतो. ती उठली. नोएडाच्या तिसऱ्या मजल्यावर झाड कुठे लावणार? हे दोन एकर आणि पावसाचे पाणी अडवून त्यांना पुरवणारा जुना बांध आम्ही नुकताच विकत घेतला होता.

पाचव्या पावसाळ्यात, झाडाच्या बुंध्याखाली, बांधाच्या कोरड्या अंगाला पाझर फुटला. दर रविवारी मी तिथे स्टीलचा पेला धरून घड्याळ लावी. पेला आधी सहा मिनिटांत भरे, मग पाचांत, मग साडेचारांत. मी वहीत लिहीत गेलो. मनात मुळांची शंका होती. पण महाराजांचे झाड अपाय कसा करील, असे म्हणून ती दाबली.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी गाढवांवरून माती वाहणारा एक म्हातारा जनावरांना पाणी पाजायला थांबला. माझी वही पाहून हसला. "बाबूजी, कितना छोड़ो, कैसा आ रहा है वो देखो." त्याने भरलेला पेला दगडावर ठेवला. थोड्या वेळाने तळाशी गाळ बसला. "साफ़ पानी रिसे तो बाँध का पसीना है. ये तो अंदर से माटी जा रही है. नीचे बच्चे किसके हैं?"

मी रामकलीला हाक मारली. तिने मुलांना वर रस्त्यावर नेले. म्हाताऱ्याने दूरच्या टोकाला, कठीण मुरमात चर काढून वर्षभराचे पाणी हळूहळू सोडून दिले. मग झाडाकडे पाहून म्हणाला, "अब ये."

"अहो, औदुंबराला कुऱ्हाड लावायची?" बरोबर आलेली पत्नी कळवळली. "माझ्या जिवासाठी लावलाय तो!" ती रस्त्यावरच्या मुलांकडे बघत राहिली. मग तिनेच बुंध्याला हळदकुंकू लावले, तळवा टेकवला. "महाराज, तुमचं तुम्ही घ्या. ही पोरं सांभाळा."

मूळ उपसले तेव्हा शेजारच्या पोकळीत माझा हात कोपरापर्यंत गेला.

तो म्हातारा कोण, हे मी ठरवत नाही. तो आला नसता तर मी पुढचा आकडा लिहिला असता, एवढे मला ठाऊक आहे. झाडाची एक फांदी शेतात लावली, ती जगली नाही. पत्नी आजही ठणठणीत आहे. देवाला वाहिलेले झाडसुद्धा मी माझेच धरून बसलो होतो. सोडायला मला तिने शिकवले.

नऊ दिवस चिकणमाती थराथराने दाबून म्हाताऱ्याने बांधातली पोकळी बुजवली. ठरलेली मजुरी घेतली, वर ठेवलेले एकशे एक रुपये परत केले. "ये उसे दो, जिसकी भिंडी बह गई." सोडलेल्या पाण्याने रामकलीचा भाजीचा वाफा धुऊन नेला होता. त्यात मी सहाशे घातले. ती हसली, "बाबूजी, इतनी भिंडी तो मैंने बोई भी ना थी!" तरी तिच्या हातावर ठेवलेच. सातशे एक रुपये, रामकलीला.