झगमगचा आजचा पाहुणा

त्याला सगळे झगमग म्हणतात. पाळण्यातलं नाव आता फक्त आईच्या तोंडी उरलंय, तेही तो आजारी पडला तरच.

घराच्या भिंतीपलीकडे वडिलांचं वर्कशॉप. लोखंड कातायची एकच लेथ, पण दिवसभर चालायची. दार कायम बंद. लहान पोराची कोवळी बोटं आणि ते फिरतं यंत्र, विषाची परीक्षा कोण घेणार? त्यामुळे पोरानं यंत्र कधी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. त्या गरगरीवर ठेका धरून तो जेवायचा, पाढे म्हणायचा, शेजाऱ्यांवर गाणी रचायचा. गणिताच्या सरांच्या टोपावर गाणं केलं म्हणून शाळेनं घरी पाठवलं. आई माफी मागायला गेली, तर सर जिन्यावरून तेच गाणं गुणगुणत उतरत होते.

पुढे फर्निचरच्या दुकानात लागला. भोंग्यावरून कपाटांची गाणी म्हणायचा. ऐकायला ही गर्दी, पण कपाट कुणी घेईना. मालकानं हात जोडले. मग हॉटेलं, लग्नाचे हॉल, आणि शेवटी स्वतःचा कार्यक्रम. पहिला झगा आईनं जुन्या पडद्यांचा शिवला. ती कड्या काढायला लागली तर म्हणाला, "राहू दे गं, वाजतात!" आता पिसांची कॉलर असते, टाचांचे बूट असतात, खांद्यावर आरसे असतात. तो रंगमंचावर आला की आईला अजूनही वाटतं, हे एवढं माझ्या पोटी कुठून आलं?

वडील मात्र एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. भांडण नव्हतं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बाहेर असतो." विषय संपला. आईच्या मनात ते कुसळासारखं सलायचं.

त्या संध्याकाळी तिला नेणारा भाचा तापानं पडला आणि तिचा गुडघा सुजलेला. वडील म्हणाले, "सोडतो. मी गाडीत बसतो." पण वॉचमन गाडी दारात थांबू देईना. ती लांब लावावी लागली, तिला हाताला धरून आत आणावं लागलं, आणि परत तेवढं चालायला नको म्हणून वडील तोंड वाकडं करून शेवटच्या रांगेत तिच्याशेजारी टेकले.

झगमगच्या कार्यक्रमात शेवटी एक खेळ असतो. दिव्यावरचा माणूस डोळे मिटून प्रकाशाचा झोत प्रेक्षकांवर फिरवतो. थांबेल तिथला माणूस आजचा पाहुणा. झगमग त्याला चार प्रश्न विचारतो आणि जागच्या जागी त्याच्यावर गाणं रचतो. पाहुण्याची टोपी उडवल्याशिवाय सोडत नाही, लोक त्यासाठीच येतात.

झोत फिरला आणि वडिलांवर थांबला.

आईला पुढचं सगळं दिसलं. हा चेष्टा करणार आणि हे उठून जाणार. मग सगळंच संपलं. झगमगनं पिसांची कॉलर सारखी केली. तोवर कुणीतरी वडिलांच्या हातात माईक दिलासुद्धा.

"काय काका," तो परक्यासारखा म्हणाला, "काम काय करता?"

"टर्नर आहे."

"मुलं?"

"एक."

"काय करतो?"

आईनं पदर मुठीत धरला.

"बाहेर असतो," वडील म्हणाले.

"बाहेर म्हणजे कुठे? तुरुंगात?" हॉल खदखदला.

"उशिरा उठतो, एवढं माहीत आहे."

लोक टाळ्या पिटत हसले. झगमगही हसला, पण बूट ठेका धरू लागला होता. गरगर, गरगर. आईनं तो ओळखला. भिंतीपलीकडचा. पेटीवाल्यानं सूर दिला आणि तो गायला लागला:

"लोखंड सोलतो हा माणूस, जसं सोलावं कुणी फळ,
हातानं झाडतो किस त्याचा, अंगात केवढं बळ!"

"थांबा!" वडील उभे राहिले. "हातानं नाही, ब्रशनं. हातानं झाडला तर बोटं कापतात."

लोक माना वळवून बघायला लागले. आईला वाटलं, झालं. पण बुटाचा ठेका चुकला नाही:

"हातानं झाडेल तो कच्चा, बोटांना लागेल कळ,
ब्रशनं झाडतो गडी हा पक्का, दहाही बोटं सरळ!"

छप्पर उडेल असा गलका झाला. वडील उभेच होते. स्वतःच्या बोटांकडे पाहत होते.

"केव्हा रचलं हे?" त्यांनी आईला विचारलं.

"आत्ता. तुमच्यासमोर."

"आधी लिहून नाही ठेवलं?"

"अहो, ब्रश तुम्ही आत्ता सांगितलात ना!"

माईक घ्यायला माणूस आला. वडिलांनी तो सोडला नाही. घसा खाकरला.

"मघाशी मी अर्धंच सांगितलं. मुलगा उशिरा उठतो, कारण रात्री कामावर असतो." मग हात लांब करून त्यांनी रंगमंचाकडे बोट दाखवलं. "हा. हाच."

एवढ्या माणसांत आईला फक्त झगमग दिसत होता. आरसे, पिसं, टाचा, सगळं जागच्या जागी, आणि तोंड उघडं. पेटीवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत त्याची वाट पाहत राहिला.

"चालू दे," वडील माईकमधून म्हणाले, "लोक खोळंबलेत."