फाटकावर बंद पडणारी गाडी

माझा नवरा इंजिनचं दुखणं कानानं ओळखायचा आणि मी त्यावरचा इलाज आकड्यांत लिहायची. गोंदियाला बालाघाट रोडवर आमचं छोटंसं दुकान आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डॅशबोर्डखाली एक चपटी पेटी असते, इंजिनचा कॉम्प्युटर. इंजिनला केव्हा किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता तिच्यातल्या एका चिपमध्ये भरलेला असतो. चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यावर अतिनील दिवा धरला की जुना तक्ता पुसला जातो आणि नवा लिहिता येतो. हा दिवा नवऱ्यानं घरच्या घरी केला होता, पाण्याच्या फिल्टरमधली नळी बिस्किटांच्या डब्यात बसवून. डबा बंद करताना दर वेळी बजावायचा, "आत डोकावू नको, डोळे जातील."

डिप्लोमा माझा, इलेक्ट्रॉनिक्सचा. गाडीची भाषा त्याची. तो सायलेन्सरच्या मागं तळहात धरायचा, धुराचा वास घ्यायचा आणि आतल्या आत हसून म्हणायचा, "उपाशी आहे. थोडं वाढव." मी वाढवायची. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची, मनातल्या मनात एकेरी.

मग त्याला मस्कतला एका गॅरेजात काम मिळालं. एकच करार, मग परत, असं ठरलं होतं. तो करार संपला आणि त्यानं दुसऱ्यावर सही केली. नटबोल्टाची कामं मी शेजारच्या गॅरेजकडे पाठवू लागले आणि चिपची कामं स्वतःकडे ठेवली. त्याची कामावरची निळी डांगरी मात्र खिळ्यावरून काढली नाही. गिऱ्हाइकाला वाटावं, मालक आत्ताच चहाला गेलाय. खरं तर मलाच तसं वाटायला हवं होतं.

भातकापणीच्या दिवसांत सौंदडहून एक म्हातारे गृहस्थ आले. रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्यासारखीच जुनी आणि स्वच्छ. मागच्या सीटवर उशी, चादर, पाण्याची बाटली.

"बाई, आमच्या घरच्यांले आठवड्यातून दोनदा इथं आणतो, डायलिसिसले," ते म्हणाले. "रस्त्यानं मिसिंग करते, झटके खाते, अन् फाटकावर थांबलो का बंद. मागून हॉर्न वाजवून राहतेत लोक, अन् ती बिचारी घाबरते."

"काका, ट्रेननं काऊन नाही आणत?"

"वापस जाताना तिले बसवत नाही. झोपून जाते."

कारण मला कळल्यासारखं वाटलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं. या गाडीचा तक्ता जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेला, म्हणून नव्या पेट्रोलवर ती उपाशी राहत होती. मी चिप पुसली, आकडे वाढवले, परत बसवली. गाडी रस्त्यावर छान ओढू लागली. काका खूश होऊन गेले. पुढच्या खेपेला आले ते मान हलवतच. "चालते मस्त. पण फाटकावर तेच."

मी नवऱ्याला फोन लावला, बॉनेट उघडं ठेवून मोबाइल इंजिनजवळ धरला.

"आता ऐका."

"काहीच येऊन नाही राहिलं," तो म्हणाला.

"अहो, एवढा आवाज होतोय!"

"तुझा येतोय. गाडीचा नाही."

थोड्या वेळानं लक्षात आलं. हे फोन माणसाचा आवाज तेवढा पुढं पाठवतात आणि बाकी सगळं गोंगाट म्हणून गाळून टाकतात. नवऱ्याला जे ऐकायचं होतं तेच नेमकं वाटेत गळत होतं. रेकॉर्ड करून पाठवलं तर त्याची ड्यूटी सुरू झालेली. त्याचं उत्तर आलं तेव्हा काका सौंदडला पोचले होते, आणि उत्तर होतं, "नीट कळत नाही. मी तिथं पाहिजे होतो." ते वाक्य मी बरेचदा वाचलं.

शेवटी मीच सौंदडला गेले आणि डायलिसिसच्या दिवशी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. काका चालवत होते, मी पुढं लॅपटॉप मांडीवर घेऊन, मागं काकू आडव्या. कोहमारा, गोरेगाव, मग गोंदियाच्या अलीकडचं फाटक. ते बंद होतं.

"आता बंद पडते पाहा," मागून काकू म्हणाल्या.

"तुमाले कसं कळलं?"

"मले पाठीले कळते ना. पयले तो पंखा घुरघुरते, मंग सीट थरथरते, मंग बंद."

बोलणं पुरं होईस्तोवर पुढं रेडिएटरचा पंखा सुरू झाला, गाडी थरथरली आणि थांबली. मागच्या ट्रकनं हॉर्न दाबला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

मी तक्ता उघडून पाहिला. धावत्या गाडीच्या ओळी मी बदलल्या होत्या. पण उभ्या इंजिनवर पंख्याचा भार पडला की ते जिथवर मंदावतं, त्या अगदी खालच्या ओळी तशाच होत्या. दवाखान्यात काकूंना आत नेल्यावर आम्ही दुकानात आलो. मी डब्यातला दिवा लावला, नवी चिप लिहिली, गाडी सुरू करून पंखा फिरायची वाट पाहिली. तळहात सायलेन्सरच्या मागं धरला. त्या उबेवरून मला कधीच काही कळत नसे, आजही फारसं कळलं नाही. आकडे थोडे अजून वाढवले. पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. चौथ्या की पाचव्या खेपेला पंखा फिरला आणि इंजिन जरासं दबून परत सावरलं.

परतीच्या वाटेवर मीही गेले. फाटक पुन्हा बंद होतं. लांबलचक मालगाडी जाऊन राहिली होती. पंखा लागला. काकांनी स्टीअरिंग घट्ट धरलं. गाडी चालूच राहिली. मी मागं वळून पाहिलं, तर काकू झोपल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "बोलू नको. झोपू दे तिले."

त्या क्षणी मला नवरा शेजारी हवा होता. काम जमलं होतं आणि ज्याला दाखवायचं तो समुद्रापलीकडं होता. फाटक उघडेपर्यंत मी शेताकडं बघत राहिले.

संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आवाज तर येणार नाही. तू सांग, कशी वाजते."

मी सांगू लागले. सांगता सांगता शब्द अपुरे पडले. तो म्हणाला, "इथं सगळ्या नव्या गाड्या. लॅपटॉप लावायचा, तो सांगेल ते बदलायचं. इंजिन ऐक असं कोणी म्हणतच नाही मला."

उन्हाळ्यात तो महिनाभर सुट्टीवर आला. सगळ्यात आधी त्याला सौंदडलाच जायचं होतं. काकू आणखी वाळल्या होत्या, पण त्यांनी काकांना आमच्यासाठी पोहे करायला लावले. काकांनी गाडी सुरू केली. नवऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला, मान कलती केली आणि पंखा फिरून थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

"मी असतो तर पेट्रोल जरा कमी ठेवलं असतं," तो म्हणाला.

"मग बंद पडली असती."

तो हसला. "पडली असती."

काकू अंगणातल्या खाटेवरून मला म्हणाल्या, "आता याले जाऊ नको देऊ."

मी ते त्याला घरी सांगितलं. माझं म्हणून नाही, काकूंचं म्हणून. तो कितीतरी वेळ डब्यातली नळी पुसत बसला. मग म्हणाला, "हा करार पुरा होऊ दे."

सुट्टी संपल्यावर गोंदिया स्टेशनवर त्याला सोडायला गेले. तो खिडकीतून काहीतरी म्हणाला, पण गाडी सुटली होती आणि मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. फलाटावरच्या बाकावर बसून राहिले, पुढच्या गाडीची घोषणा होईपर्यंत.